धुराची गाळणी आणि दंडाची मात्रा

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने नोव्हेंबर २०२० मध्ये एक अहवाल प्रसिद्ध केला. त्या देशात सुमारे दहा वर्षांच्या अवधीत साडेपाच लाखांहून अधिक डिझेल पिकअप गाड्यांवरील धूर शुद्ध करणारी साधने काढून टाकण्यात आली किंवा निकामी करण्यात आली, असा अंदाज या अहवालात नोंदवलेला आहे. कारखान्यातून बाहेर पडताना यांतील प्रत्येक गाडी कायद्याच्या कसोटीस उतरलेली होती. पुढे कोठल्या तरी गॅरेजात धुराच्या नळीतील गाळणी कापली गेली, इंजिनाच्या संगणकातील सूचना बदलल्या गेल्या आणि गाडी पुन्हा रस्त्यावर आली. वरवर पाहणाऱ्यास काहीच फरक कळू नये असा हा बदल. परंतु या गाड्या आपल्या आयुष्यात नायट्रोजनच्या ऑक्साइडांचे जे जादा प्रदूषण करतील ते ५ लाख ७० हजार टनांच्या वर जाईल आणि त्याचा परिणाम रस्त्यावर आणखी ९० लाख नियमबद्ध डिझेल पिकअप गाड्या आणून सोडण्याइतका होईल, असे हा अहवाल सांगतो.

अमेरिकेत कायदा नव्हता म्हणून हे घडले, असे कोणी म्हणू शकणार नाही. मोटारीतील धूर-नियंत्रक साधन काढणे हा त्या देशात १९७० सालापासून या ना त्या स्वरूपात अपराध आहे आणि त्यासाठी दर गाडीमागे हजारो डॉलरांचा दंड कायद्यात लिहिलेला आहे. तरीही साडेपाच लाख गाड्या त्यातून निसटल्या. भारतात १ एप्रिल २०२० पासून नव्या गाड्यांच्या विक्रीस ‘भारत स्टेज सहा’ ही कसोटी लागू झाली आणि तिच्याबरोबर हीच महागडी साधने भारतीय गाड्यांतही आली. त्याच्या सातच महिने आधी, १ सप्टेंबर २०१९ रोजी, मोटार वाहन कायद्यातील दुरुस्ती अमलात येऊन दंडाच्या रकमाही वाढलेल्या होत्या. तेव्हा अमेरिकेत दंड कोठे अपुरा पडला याचा विचार ही परक्या घरची उठाठेव नाही. या प्रश्नात दंड किती यापेक्षा तो कोणाला होतो आणि किती खात्रीने होतो, याला अधिक महत्त्व आहे. आणि नेमकी हीच बाजू भारतीय कायद्यात लंगडी राहिली आहे.

गाळणी का काढली जाते?

प्रथम या साधनांचे काम समजून घेतले पाहिजे. पेट्रोल गाडीच्या धुराच्या नळीत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नावाची एक पेटी असते. तिच्या आतील मधाच्या पोळ्यासारख्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम अशा मौल्यवान धातूंचा पातळ लेप दिलेला असतो. इंजिनातून येणारा कार्बन मोनॉक्साइड, अर्धवट जळलेले इंधन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे या लेपावरून जाताना त्यांचे कार्बन डायऑक्साइड, पाण्याची वाफ आणि नायट्रोजन यांत रूपांतर होते. डिझेल गाडीत काजळीचे सूक्ष्म कण अडवणारी गाळणी असते. गॅरेजच्या भाषेत तिला डी.पी.एफ. म्हणतात. अनेक डिझेल गाड्यांत याखेरीज युरियाचे द्रावण धुरात फवारून नायट्रोजनच्या ऑक्साइडांचा निकाल लावणारी यंत्रणाही असते. यांपैकी कोणतेही साधन गाडीवाल्याला वेग देत नाही, मायलेज देत नाही, की आराम देत नाही. त्याने मोजलेल्या पैशांतून ते इतरांच्या फुप्फुसांची राखण करते.

अडचण येथूनच सुरू होते. डी.पी.एफ.मध्ये साठलेली काजळी अधूनमधून जाळून टाकावी लागते आणि त्यासाठी गाळणीतील तापमान सुमारे सहाशे अंश सेल्सिअसपर्यंत चढावे लागते. महामार्गावर एका गतीने धावणाऱ्या गाडीत हे आपोआप साधते. घर ते शाळा, शाळा ते मंडई अशा दोन-चार किलोमीटरांच्या फेऱ्यांत आणि सिग्नलागणिक थांबणाऱ्या रहदारीत ते साधत नाही. गाळणी तुंबते, चालकासमोरील फलकावर दिवा लागतो, इंजिनाची ताकद कमी होते. कंपनीच्या सेवा केंद्रात गाळणी बदलण्याचा खर्च कित्येक हजारांचा, मोठ्या गाडीत तर लाखाच्या घरात जाणारा असतो. कोपऱ्यावरचा गॅरेजवाला मात्र त्याच्या लहानशा अंशात गाळणी काढून देतो, दिवा पुन्हा लागू नये म्हणून संगणकात फेरफार करतो आणि वर गाडी ‘मोकळी’ झाल्याची ग्वाही देतो. कर्जाचे हप्ते फेडत सेकंडहँड डिझेल गाडी बाळगणाऱ्या शिक्षकापुढे किंवा लिपिकापुढे हे दोन पर्याय ठेवले, तर त्याला मोह का पडणार नाही?

अर्थशास्त्राला हा मोह नवा नाही. केंब्रिजचे प्राध्यापक पिगू यांनी १९२० साली कल्याणाच्या अर्थशास्त्रावरील आपल्या ग्रंथात कारखान्यांच्या धुराड्यांचे उदाहरण घेऊन त्याची मीमांसा केली होती. एखाद्या व्यवहाराचा काही खर्च त्या व्यवहाराशी संबंध नसलेल्या लोकांवर पडत असेल, तर बाजारात दिसणारी किंमत खरी नसते, असे त्यांच्या विवेचनाचे सार आहे. गाळणी काढून मालकाचे जे पैसे वाचतात ते हवेत विरून जात नाहीत. चौकात आठ-आठ तास उभ्या असलेल्या वाहतूक पोलिसाच्या खोकल्यातून, रस्त्याच्या कडेला बसणाऱ्या भाजीवालीच्या दम्यातून, बसथांब्यावर ताटकळणाऱ्या मुलांच्या श्वासातून ते वसूल होतात. त्यांच्यापैकी कोणालाही या सौद्यात मत विचारलेले नसते. हा खर्च पुन्हा मूळ धन्याच्या दारी पोहोचवण्याची कायद्याची रीत म्हणजे दंड. रीत जुनीच आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही रस्त्यावर माती-धूळ टाकणाऱ्यास पणाचा आठवा भाग दंड सांगितला असून राजमार्गावर तो दुप्पट ठेवलेला आहे. सार्वजनिक जागा घाण करण्याची किंमत तेथून जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या संख्येबरोबर वाढते, हे तत्त्व त्या काळीही उमगलेले होते.

अमेरिकेतील वीस वर्षे

१९७० च्या शुद्ध हवा कायद्याने अमेरिकेत हा प्रतिबंध प्रथम घातला तो गाड्यांचे उत्पादक आणि विक्रेते यांच्यावर. गाडी ग्राहकाच्या हाती गेल्यानंतर तिच्यातील साधन जाणूनबुजून काढणाऱ्या उत्पादकास वा विक्रेत्यास दर गाडीमागे १० हजार डॉलरांपर्यंत दंड त्यात सांगितला होता. स्वतंत्र गॅरेज आणि गाडीचा मालक हे दोघेही केंद्रीय कायद्याच्या कक्षेबाहेर राहिले. १९७५ च्या मॉडेलांपासून कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सर्रास बसू लागला आणि ही पळवाट उघडी पडली.

कन्व्हर्टरचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे पेट्रोलमधील शिसे. ते धातूच्या लेपावर बसले की कन्व्हर्टर निकामी होतो. म्हणून पंपांवर शिसेविरहित पेट्रोल ठेवणे भाग पाडण्यात आले आणि नव्या गाड्यांच्या टाकीचे तोंड मुद्दाम अरुंद करण्यात आले, म्हणजे शिसेयुक्त पेट्रोलच्या पंपाची जाड तोटी त्यात शिरू नये. योजना चतुर होती. परंतु शिसेयुक्त पेट्रोल गॅलनमागे काही सेंटांनी स्वस्त होते, आणि तेवढ्या बचतीसाठी अनेकांनी नरसाळी वापरली, टाकीचे तोंड ठोकून रुंद केले, कोणी कन्व्हर्टरच काढून तेथे साधी नळी बसवली. काही सेंटांसाठी शेकडो डॉलरांचे साधन फुकट घालवणे हा वेडेपणा वाटेल. पण साधन निकामी झाले तरी गाडी चालतच होती, आणि वाचलेले सेंट मात्र खिशात दिसत होते. सार्वजनिक लाभाची वस्तू खासगी मालकीत ठेवली की तिचे काय होते, याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण.

अमेरिकन काँग्रेसने १९७७ मध्ये कायदा दुरुस्त करून गाड्या दुरुस्त करणारे व्यावसायिक आणि गाड्यांचे ताफे चालवणारे यांना प्रतिबंधाखाली आणले. त्यांच्यासाठी दंडाची मर्यादा दर गाडीमागे २,५०० डॉलर ठेवण्यात आली. वैयक्तिक मालकाचा क्रमांक लागला तो १९९० च्या दुरुस्तीत. त्याच दुरुस्तीने, धूर-नियंत्रण टाळण्याच्या मुख्य हेतूने बनवलेले सुटे भाग तयार करणे, विकणे आणि बसवणे हाही अपराध ठरवला. उत्पादक आणि विक्रेते यांना दर गाडीमागे २५ हजार डॉलरांपर्यंत, इतरांना दर गाडीमागे किंवा दर सुट्या भागामागे २,५०० डॉलरांपर्यंत, अशी दंडाची विभागणी झाली. महागाईप्रमाणे वाढत जाऊन २०१७ मध्ये या मर्यादा अनुक्रमे ४५,२६८ आणि ४,५२७ डॉलरांवर पोहोचल्या होत्या.

या क्रमाकडे लक्ष दिले पाहिजे. आधी कारखाना आणि विक्रेता, मग गॅरेज, शेवटी मालक आणि सुट्या भागांचा व्यापारी. गाड्या कोट्यवधी असतात, गॅरेजे त्याहून पुष्कळ कमी आणि फसवणुकीची उपकरणे बनवणारे तर मूठभर. निरीक्षकांची संख्या मर्यादित असताना एका उपकरण-विक्रेत्याला पकडणे म्हणजे हजारो गाड्यांना एकदम पकडण्यासारखे आहे. वैयक्तिक मालकाला आवर घालण्याचे काम बव्हंशी राज्यांच्या तपासणीवर सोपवले गेले. कॅलिफोर्नियात १९८४ साली सुरू झालेल्या तपासणीत धूर मोजण्याबरोबरच साधने जागच्या जागी आहेत की नाहीत, हेही पाहण्याची तरतूद होती.

मग साडेपाच लाख गाड्या निसटल्या कशा? कायद्याच्या पुस्तकातील रक्कम आणि प्रत्यक्षात वसूल होणारी रक्कम यांतील अंतर हे त्याचे एक उत्तर आहे. २०१८ मध्ये फ्लोरिडातील एका कंपनीशी सरकारने तडजोड केली. इंजिनाच्या संगणकात फेरफार करणारी सुमारे ३ लाख ६३ हजार उत्पादने तिने विकली होती, असा आरोप होता. आपली उत्पादने कायद्यात बसवण्यासाठी कंपनीने सुमारे साडेबासष्ट लाख डॉलर खर्च करावेत असे ठरले खरे. परंतु कंपनीची ऐपत पाहून दंड मात्र तीन लाख डॉलर आकारण्यात आला. भागाकार केला तर एका उत्पादनामागे एक डॉलरही पडत नाही. कायद्याची मर्यादा साडेचार हजारांची आणि प्रत्यक्ष वसुली एका डॉलराच्या आत, ही तफावत प्रत्येक व्यापाऱ्याच्या हिशेबात चटकन शिरते.

दुसरे उत्तर राजकारणात आहे. २०२० ते २०२३ या वर्षांत अशा उपकरणांचा बंदोबस्त हा पर्यावरण संरक्षण संस्थेच्या अग्रक्रमाच्या राष्ट्रीय मोहिमांपैकी एक होता. त्यानंतरच्या यादीत तो राहिला नाही. जानेवारी २०२६ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने गाडीच्या निदान-यंत्रणेतील फेरफारांबद्दल शुद्ध हवा कायद्याखाली यापुढे फौजदारी खटले न भरण्याचे धोरण जाहीर केले. दिवाणी दंडाची कलमे कायद्यात तशीच राहिली. पण आज तुरुंग आणि उद्या माफी अशा हेलकाव्यांतून व्यापारी आणि मालक जो अर्थ घ्यायचा तोच घेतात.

भारतीय कायद्यातील रिकामी जागा

भारतात कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचे आगमन १९९५ साली झाले. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना तो सक्तीचा झाला आणि त्याच्या जोडीने शिसेविरहित पेट्रोलही आले. पुढे २००० साली शिसेयुक्त पेट्रोल देशभर बंद झाल्यामुळे अमेरिकेतील नरसाळ्यांचा प्रयोग येथे फारसा रंगू शकला नाही. भारत स्टेज सहाच्या साधनांनी मात्र परिस्थिती बदलली आहे.

मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार उत्पादकाने मूळ निश्चित केलेल्या तपशिलांशी विसंगत असा बदल मालकाला गाडीत करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने १८२-अ हे नवे कलम घातले. त्यात नियमबाह्य गाडी विकणाऱ्या किंवा तिच्यात तसा बदल करणाऱ्या उत्पादकास, आयातदारास वा वाहनविक्रेत्यास एक वर्षापर्यंत कारावास किंवा दर गाडीमागे एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. उत्पादकाने गाड्यांच्या बांधणीविषयीचे नियम मोडल्यास दंड १०० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. गैरमार्गाने गाडीत बदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दर बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही सांगितले आहेत. शिवाय १९० व्या कलमाखाली प्रदूषणाची मर्यादा ओलांडणारी गाडी रस्त्यावर चालवणाऱ्यास पहिल्या अपराधासाठी तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, आणि तीन महिने परवाना रद्द, अशी तरतूद त्याच दुरुस्तीने केली.

या यादीत एक नाव आढळत नाही. कारखानदार आहे, आयातदार आहे, वाहनविक्रेता आहे, मालक आहे, चालक आहे. ज्याच्या हातून गाळणी प्रत्यक्ष कापली जाते तो स्वतंत्र गॅरेजवाला मात्र १८२-अ कलमात स्वतंत्रपणे उल्लेखिलेला नाही. संगणकातील फेरफाराचे उपकरण विकणारा व्यापारीही तेथे नाही. सुट्या भागांविषयीचे उपकलम सुरक्षिततेच्या महत्त्वाच्या भागांपुरते आहे. अशा व्यक्तीला अपराधास साहाय्य केल्याच्या सर्वसाधारण फौजदारी तत्त्वाने ओढून आणावे लागते, आणि हजार-दोन हजारांच्या गॅरेज-पावतीवरून, जी बहुधा दिलेलीच नसते, कोणता पोलीस अधिकारी ही यातायात करील? अमेरिकेने १९७७ मध्ये जी पायरी बांधली तीच येथे गाळली गेली आहे.

वरची पायरी भारतात अगदीच निरुपयोगी नाही, हेही सांगितले पाहिजे. फोक्सवॅगन कंपनीने चाचणीच्या वेळीच धूर कमी करणारी संगणकीय क्लृप्ती डिझेल गाड्यांत बसवल्याचे सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेत उघडकीस आल्यानंतर पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनने येथील गाड्यांची तपासणी केली. त्या वर्षअखेर कंपनीने भारतातील ३ लाख २३ हजारांहून अधिक गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावण्याचे जाहीर केले. मार्च २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने कंपनीला ५०० कोटी रुपयांचा दंड सुनावला. सर्वोच्च न्यायालयाने पुढे त्याबाबत सक्तीची कारवाई न करण्याचा आदेश दिला. वाद न्यायालयात गेला तरी उत्पादक सापडला, कारण त्याच्यासाठी प्रयोगशाळा होती. प्रश्न मधल्या पायरीचा आहे.

तिच्या अभावी सर्व भार शेवटच्या पायरीवर येतो, आणि तेथेही तो योग्य माणसावर पडेल याची खात्री नाही. एखाद्या कारकुनाने चार वर्षे वापरलेली डिझेल गाडी विकत घेतली आणि तिची गाळणी आधीच्या मालकाने काढलेली निघाली, तर बदल करणारा मालक केव्हाच मोकळा झालेला असतो; रस्त्यावर थांबवला जातो तो हा नवा मालक. त्याने पैसे मोजले पूर्ण गाडीचे आणि हाती आली गाळणी नसलेली गाडी. कायदा त्याला अपराधी म्हणतो. वस्तुतः या सौद्यात सर्वप्रथम नागवला गेला तो तोच.

तरुणांच्या मोटारसायकलींबाबतही असाच घोटाळा आहे. कर्कश आवाजासाठी मूळ सायलेन्सर बदलण्याची हौस सर्वत्र दिसते आणि महाराष्ट्रातील अनेक शहरांत पोलिसांनी असे जप्त केलेले सायलेन्सर रोलरखाली चिरडलेले लोकांनी पाहिले आहेत. हा केवळ गोंगाटाचा प्रश्न आहे, असा सार्वत्रिक समज आहे. परंतु अनेक मोटारसायकलींत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर याच नळीच्या पोटात असतो. आवाजासाठी नळी बदलणारा विद्यार्थी नकळत गाळणीही फेकून देत असतो. त्याला ती नळी राजरोस विकणारा दुकानदार मात्र दुसऱ्या दिवशी दुकान उघडतोच.

दंडाचे गणित

शिक्षेच्या कठोरपणापेक्षा तिची खात्री अधिक परिणामकारक असते, हे इटालियन विचारवंत बेकारिया यांनी १७६४ साली सांगितले होते. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर यांनी १९६८ च्या आपल्या निबंधात त्याला गणिताचे रूप दिले. अपराध करू पाहणारा दंडाची रक्कम आणि पकडले जाण्याची शक्यता यांचा गुणाकार मनाशी करतो आणि तो गुणाकार लाभापेक्षा कमी असेल तर धोका पत्करतो.

हे सूत्र येथे लावून पाहावे. समजा, गाळणी बदलण्यास ६० हजार रुपये आणि काढून टाकण्यास १५ हजार रुपये लागतात. मालकाची बचत ४५ हजारांची. दंड पाच हजारांचा. पकडले जाण्याची पुरी खात्री असली तरी त्याचे ४० हजार वाचतात. शंभरांत एकच जण पकडला जात असेल तर त्याच्या हिशेबात दंडाची किंमत अवघी ५० रुपये उरते. उलट, शंभरांत एक याच प्रमाणावर विसंबून केवळ रकमेने वचक बसवायचा म्हटला तर दंड ४५ लाखांचा करावा लागेल, म्हणजे पुष्कळदा गाडीच्या किमतीच्या कितीतरी पट. असा दंड कोणतेही न्यायालय करणार नाही आणि कोणताही समाज तो न्याय्य मानणार नाही. कारावासाची तरतूद कागदावर आहे खरी, पण गाळणीसाठी कोणाला तुरुंगात पाठवण्यास न्यायाधीश सहजी तयार होत नसतात. शिवाय रस्त्यावरच्या तपासणीत दंडाची रक्कम जितकी फुगवावी तितका चिरीमिरीचा भावही चढतो, हा अनुभव कोणास नवा नाही. तेव्हा गुणाकारातील दुसरी संख्या, म्हणजे पकडले जाण्याची शक्यता वाढवण्यावाचून गत्यंतर नाही.

ही शक्यता आज कमी का आहे? पी.यू.सी. केंद्रावर पेट्रोल गाडीच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजले जातात, डिझेल गाडीच्या धुराची घनता पाहिली जाते. नायट्रोजनची ऑक्साइडे मोजलीच जात नाहीत. ज्या प्रदूषणाने अमेरिकेतील साडेपाच लाख गाड्यांना नव्वद लाखांच्या बरोबरीला नेले, त्याच्याविषयी हे प्रमाणपत्र मौन पाळते. गाळणी जागेवर आहे की तिचे रिकामे कवच, हेही तेथे पाहिले जात नाही.

दंडाच्या आधी आणि दंडाबरोबर

यावरून करावयाच्या गोष्टी स्पष्ट होतात. पहिली म्हणजे १८२-अ कलमात गॅरेजवाला आणि अशा उपकरणांचा विक्रेता यांचा स्पष्ट उल्लेख झाला पाहिजे आणि त्यांचा दंड दर गाडीमागे, दर उपकरणामागे आकारला गेला पाहिजे. ज्या गॅरेजात आठवड्याला दहा गाड्यांच्या गाळण्या निघतात त्याला एका गाडीवाल्याइतकाच दंड करण्यात अर्थ नाही. दुसरी म्हणजे वार्षिक तपासणीत साधने जागेवर असल्याची पाहणी आणि गाडीच्या निदान-यंत्रणेचे वाचन यांचा समावेश व्हावा. तिसरी म्हणजे गाडीची मालकी बदलताना ही पाहणी सक्तीची असावी, म्हणजे गाळणी काढलेली गाडी दुसऱ्याच्या गळ्यात घालण्याचा मार्ग बंद होईल आणि पहिल्या मालकाला तिची विक्रीची किंमत घटण्याची धास्ती राहील. सरकारी दंडापेक्षा बाजारातील ही धास्ती पुष्कळदा अधिक काम करते.

चौथी गोष्ट दंडाहून वेगळी, पण तितकीच आवश्यक आहे. अमेरिकेतील कायदा साधन काढणाऱ्यास दंड करतो, तसाच कॅटॅलिटिक कन्व्हर्टरसारख्या मुख्य साधनांसाठी उत्पादकाकडून ८ वर्षे किंवा ८० हजार मैल यांपैकी जे आधी होईल तोवरची हमीही घेतो. युरियाच्या यंत्रणेत बिघाड होताच ट्रक व ट्रॅक्टर एकाएकी मंदावतात, या शेतकऱ्यांच्या आणि वाहतूकदारांच्या तक्रारींची दखल घेऊन ऑगस्ट २०२५ मध्ये पर्यावरण संरक्षण संस्थेने उत्पादकांना त्यांच्या संगणक-प्रणालीत सुधारणा करण्यास सांगितले. प्रामाणिक दुरुस्ती ज्याच्या आवाक्याबाहेर आहे त्याला केवळ दंडाचा धाक दाखवणे म्हणजे त्याला गॅरेजवाल्याच्या दारात ढकलणे होय. भारतीय शहरांतील मंद रहदारी उत्पादकांना अपरिचित नाही. त्या रहदारीत तुंबणारी गाळणी विकून तिच्या साफसफाईचा संपूर्ण बोजा ग्राहकावर टाकता येणार नाही, असा दंडक सरकारने घातला तर गाळणी काढण्याचा मोह मुळातच ओसरेल. ही साधने कशी जपावीत, डिझेल गाडी कोणी घ्यावी आणि कोणी घेऊ नये, हे विक्रीच्या वेळी ग्राहकाला सांगण्याचीही सक्ती असावी.

गॅरेजवाल्यांवर कायद्याचा हात पडला तर गरीब कारागिरांची उपजीविका जाईल, असा आक्षेप घेतला जाईल. तो सर्वस्वी खोटा नाही. परंतु गाळणी काढण्यावर कोणत्याही कारागिराचे पोट सर्वस्वी अवलंबून नसते. तिच्या साफसफाईचे आणि दुरुस्तीचे शिक्षण औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून मिळाले तर तोच कारागीर प्रामाणिक कामाचे चार पैसे अधिक मिळवील. शिवाय ज्या रस्त्याकडेला त्याचे गॅरेज आहे, त्या रस्त्यावरचा धूर दिवसभर प्रथम त्याच्याच छातीत जातो, हे विसरून चालणार नाही.

आज शहरातील कोणत्याही मोठ्या चौकात तोंडाला रुमाल बांधून उभा असलेला वाहतूक पोलीस दिसतो. धूर ओकणारी गाडी थांबवण्याचे, दहा हजारांचे कलम दाखवण्याचे आणि मालकाशी हुज्जत घालण्याचे काम कायद्याने एकट्या त्याच्याकडे दिले आहे. चौकापासून हाकेच्या अंतरावरील गॅरेजात त्याच वेळी पुढची गाडी जॅकवर चढलेली असते आणि तिची गाळणी निघत असते. त्या गॅरेजपर्यंत कायदा पोहोचत नाही तोवर चौकातल्या पोलिसाने फाडलेल्या पावत्यांची संख्या वाढेल, पण त्याच्या तोंडावरचा रुमाल काही सुटणार नाही.